मेच महिना सापडला का?

आज सकाळी ह्यांनी कूलरवरचं प्लास्टिक काढलं. होळी होऊन चार दिवस झाले की आमच्या घरी कूलर धुवायचा, हा वर्षानुवर्षांचा रिवाज. गॅलरीत पाइप लावून त्यांनी आठ महिन्यांची धूळ काढायला घेतली, मातकट पाणी उंबऱ्यावरून हॉलमध्ये आलं आणि माझ्या तोंडात वाक्य तयार झालं. फरशी नुकतीच पुसून झाली होती. हे वाक्य मी लग्नापासून दर मार्चमध्ये म्हणत आले आहे, त्यामुळे ते शोधावं लागत नाही, आपणच येतं. “अहो, आत्ताच...” एवढं निघालंसुद्धा. तेवढ्यात वाळ्याच्या नव्या ताटीवर पाणी पडलं आणि तो ओला, गोडसर वास घरभर झाला.

“आत्ताच काय?” हे पाइप हातात धरून थांबले.

“आत्ताच उन्हाळा लागला म्हणायचा.”

ते हसले. त्यांना सगळं कळलं होतं. मीही फडकं आणायला गेले. गिळलेलं वाक्य पोटात थोडं टोचतंच, खोटं काहून बोलू?

वाळा भिजला की मला तो एकच उन्हाळा आठवतो. सात-आठ वर्षं झाली त्याला. त्याच्या आधीची मी वेगळी होते असं म्हणणार नाही, कारण माणूस एवढं बदलत नाही. पण त्या आधी मला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता.

मी एका सरकारी कचेरीत तेहतीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर बसले. लोकांचे अर्ज यायचे. नळ नाही, रस्ता नाही, सातबाऱ्यावर नाव चुकलं, शेजाऱ्यानं भिंत सरकवली. प्रत्येकावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आणि संबंधित टेबलाकडे पाठवायचा. संध्याकाळी नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरी यायचं आणि चप्पल काढता काढता आपले अर्ज वाचायला घ्यायचे. जिना उंच आहे. गल्लीत गाड्या कशाही लावतात. भाजीत दम नाही. हे काही बोलत नाहीत, आणि बोलले तर वेळेवर बोलत नाहीत. संबंधित टेबल म्हणजे अर्थात आमचे हेच. ते पेपर वाचत “हं” म्हणायचे. तो त्यांचा शिक्का.

आणि उन्हाळा! नागपूरकर उन्हाबद्दल तक्रार करतो तेव्हा त्याचा चेहरा बघावा. “आज पंचेचाळीसच्या वर गेला म्हणतात,” हे वाक्य आमच्याकडे लोक मुलाचा नंबर आल्यासारखं सांगतात. चंद्रपूर आपल्यापेक्षा एका डिग्रीनं पुढे गेलं असं पेपरात आलं, तर चौकातल्या चहावाल्यापासून सगळे जरा खट्टू होतात. बाहेरगावचा पाहुणा मे महिन्यात आला की त्याला घाम पुसताना बघून आम्हाला आतून बरं वाटतं. “हे तर काहीच नाही, नवतपा लागू द्या,” असं त्याला सांगायचं. रोहिणी नक्षत्रातले ते नऊ दिवस म्हणजे आमची कमाल मर्यादा. मी या खेळात पट्टीची होते. “माणसानं राहावं असं गावच नाही हे,” हे माझं ठरलेलं वाक्य. आयुष्यात दुसऱ्या कुठल्या गावी राहायचा विचार मी कधी केला नव्हता, पण ते कुणाला सांगायचं?

हे वळण माहेरचं. नरखेड तालुक्यात आमचा संत्र्याचा बगीचा. बहार चांगला असला की झाडांना बांबूचे टेकू द्यावे लागत, फांद्या फळांनी जमिनीला टेकायच्या. रस्त्यावरून जाणारा कुणी थांबून विचारायचा, “काय गा, बहार झकास दिसून राहिला यंदा?” आणि माझे बाबा मान हलवत म्हणायचे, “कायचा बहार! गळ लागली सारी. काही खरं नाही यंदा.” टेकूला टेकून उभे राहून म्हणायचे! मी लहानपणी एकदा मध्येच बोलले, “नाही जी, खूप संत्री आहेत आमच्याकडे,” तर आईनं ओढत आत नेलं. नजर लागते. चांगल्याला चांगलं म्हणायचं नाही. गाय दूध चांगलं द्यायला लागली की ‘आटली’ म्हणायचं, पोर बाळसं धरायला लागलं की ‘काही खातच नाही बाप्पा’ म्हणायचं. जे जीवापाड जपायचं, त्याच्याबद्दल कुरकुरायचं. आमच्या घरचा तो काळा धागाच होता, फक्त मनगटाला नाही, जिभेला बांधलेला.

धागा म्हणून बांधला होता, हे पुढे विसरायला झालं आणि नुसती कुरकुर राहिली.

तर आमची एकुलती एक प्राची. लग्न होऊन पुण्याला गेली. तिथे गेल्यापासून ती ‘काहून’ म्हणत नाही, ‘का’ म्हणते, हीसुद्धा माझी एक तक्रार होतीच. रोज संध्याकाळी सातला तिचा फोन यायचा आणि मी दिवसभराचा अहवाल द्यायची. कुसुम, म्हणजे आमच्याकडे कामाला येते ती, भांडी आपटते. दूध पातळ आहे. बाबांनी जिलबी खाल्ली, एक म्हणाले आणि तीन खाल्ल्या. कूलरचा पंप घरघरतो. ऊन, ऊन आणि ऊन. ती “हो का?” म्हणायची. अर्धा तास कसा जायचा कळायचं नाही. मला, म्हणजे.

कोजागिरीच्या सुमाराला एकदा तिनं मला मध्येच थांबवलं. “आई, एक सांगायचं होतं.” आवाज असा दाबलेला, की मी हातातली कढई खाली ठेवली. “तू आजी होणार आहेस.”

“अगंबाई! कधी?”

“मे महिन्याच्या शेवटी.”

आणि माझ्या तोंडून गेलं, “बाप्पा! मेच महिना सापडला का तुम्हाला? भर नवतप्यात?”

पलीकडून ती “हं” म्हणाली. अगदी तिच्या बाबांसारखं. थोडं इकडचं तिकडचं बोलून फोन ठेवला.

फोन ठेवल्यावर मी काय केलं ते तिला दिसलं नाही. मी देवापुढे वाटीभर साखर ठेवली. ह्यांना हाक मारली, ती हाक तिसऱ्या मजल्यावर ऐकू गेली. कपाट उघडून जुन्या मऊ सुती साड्या काढल्या आणि दुपट्यांसाठी कोणती फाडायची, कोणती नाही, ते त्याच संध्याकाळी ठरवून टाकलं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कुणी कुणाला विचारत नाही, ते असतंच. मी मनात खोलीसुद्धा लावून टाकली. पलंग खिडकीपासून लांब, कूलर आडवा, वारा थेट अंगावर यायला नको. डिंक काटोलहून मागवायचा. एवढं सगळं झालं आणि त्यातला एक शब्द मी पोरीला बोलले नाही. नजर लागेल ना!

संक्रांतीला तिचा फोन आला. तिळगूळ वगैरे झालं. मग म्हणाली, “आई, आम्ही ठरवलंय, डिलिव्हरी इथेच करायची.”

“काहून?”

“नागपूरला मे महिन्यात बाळाला कसं आणायचं? तूच तर रोज सांगतेस. दुपारी घरात भट्टी होते. कूलरचा पंप दर चार दिवसांनी बंद पडतो. पाणी पुरत नाही. लाइट जातात. माणसानं राहावं असं गाव नाही म्हणतेस.”

ती रागानं बोलत नव्हती, त्याचाच त्रास झाला. हवामानखात्याची बातमी वाचावी तशी ती माझीच वाक्यं मला परत वाचून दाखवत होती. एकही तिच्या पदरचं नव्हतं. “तू ये ना इकडे,” असंही म्हणाली. पण तिचं घर दोन खोल्यांचं, सासू-सासरे तिथेच. तिथे मी पाहुणी म्हणून राहणार, चहा झाला का विचारत. लेकीचं डोकं मांडीवर घेऊन तेल लावायला पाहुणीला जमत नाही.

मी रडत बसले. हे पेपर खाली ठेवून म्हणाले, “एवढी वर्षं तू तिला उन्हाळा ऐकवून राहिली. ऐकला तिनं.”

“मग आता काय करू?”

“जाऊ ना पुण्याला.”

“आणि?”

“आणि तिथं पुण्याच्या तक्रारी करशील. तेवढाच बदल.”

असा माणूस आहे. वर्षातून चार वाक्यं बोलणार आणि चारही लागतील अशी.

मी ठरवलं, आता उलटं करायचं. पोरीला इथं आणायचं तर नागपूर चांगलं आहे हे तिला पटायला हवं. दुसऱ्या दिवशी सातला फोन आला तशी मी सुरू झाले. “कशी आहेस आई?” “मस्त!” “ऊन?” “छान आहे हवा.” “कुसुम येते का वेळेवर?” “फार चांगली बाई आहे.” “बाबा?” “मजेत.” चार मिनिटांत फोन संपला. बोलायला काही उरलंच नाही. तिसऱ्या दिवशी तीन मिनिटं. चौथ्या दिवशी दोन.

पाचव्या दिवशी तिनं ह्यांना परस्पर फोन केला. हे भाजी घेत होते, हातात मेथीची जुडी. “बाबा, खरं सांगा, आईचे रिपोर्ट आले का?”

“कायचे रिपोर्ट?”

“तिला काहीतरी झालंय. ती कशाबद्दल काही बोलतच नाही. सगळं छान म्हणते.”

हे घरी आले, मेथी ओट्यावर ठेवली आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. “तुला खरंच काही होऊन नाही ना राहिलं?” मला आधी राग आला आणि मग इतकं हसू फुटलं की खुर्चीत बसावं लागलं. बाई चांगलं बोलायला लागली तर घरच्यांना वाटतं हिचे दिवस भरले! एवढी कमाई केली होती मी जिभेवर.

त्या संध्याकाळी मी तिला सगळं सांगून टाकलं, की तुला इथं आणायचं म्हणून गोड बोलत होते. ती हसली, पण मग म्हणाली, “आई, तू कुरकुर करायचीस तेव्हा वैताग यायचा. पण मला घर दिसायचं गं. बाबांनी तीन जिलब्या खाल्ल्या म्हणजे बाबा बरे आहेत, हे कळायचं. आता तुझ्या ‘छान’मध्ये मला कुणीच दिसत नाही.”

हे मी पुष्कळ दिवस मनात घोळवलं. तक्रार करताना माणूस किती बारीक बघतो! पंप कधी घरघरतो, किती वाजता, कुठल्या बाजूनं, हे मला पाठ होतं. आणि तोच पंप चार महिने घर थंड ठेवतो, हे सांगायला माझ्याकडे ‘छान’ हा एकच शब्द होता. कृतज्ञता म्हटलं की मला सभेच्या शेवटी होणारं आभारप्रदर्शन आठवतं, लोक खुर्च्या सरकवत असतात आणि माईकवरचा माणूस नावं वाचत असतो. आपल्या घरात कुणी कुणाचे आभार मानत नाही, मानले तर परकं वाटतं. पण कौतुकालाही तक्रारीइतकंच नीट बघावं लागतं, हे मला साठीला आल्यावर एका पोटुशा पोरीनं शिकवलं.

मग मी बघायला लागले. स्वार्थानंच, ते मान्य. सात वाजता पोरीला सांगायला काहीतरी हवं होतं.

पहिली गोष्ट सापडली ती पाण्याची. आमच्या गल्लीत नळ पहाटे पाचला येतो. लग्नापासून ते पाणी हे भरतात, आणि होळीनंतर वर कूलरचं पाणीही. आणि रोज सहाला उठून मी म्हणते, “केवढं सांडवलंत हो!” त्या सकाळी मी लवकर उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. त्यांनी मला बघितलं नाही. बादली अर्धीच भरत होते, कारण कंबर. एक हात भिंतीला. टाकीत पाणी ओतताना आवाज होऊ नये म्हणून बादली टाकीच्या काठाला टेकवून, हळूहळू, जसं तान्ह्याला दूध पाजावं तसं ओतत होते. मी झोपलेली असते म्हणून. काठाला टेकवल्यामुळेच पाणी बाहेर ओघळायचं, आणि त्या ओघळाबद्दल मी एवढी वर्षं बोलत होते!

मी संध्याकाळी प्राचीला हे असंच्या असं सांगितलं. बारा बादल्या, अर्ध्या अर्ध्या म्हणजे चोवीस खेपा, भिंतीवरचा हात, सगळं. तिनं ते भिंतीवरच्या हाताचं मला पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, “बाबांना सांगितलंस?”

“त्यांना काय सांगायचं? ते तर स्वतःच भरतात.”

“आई!”

दुसऱ्या दिवशी चहा देताना मी म्हटलं, “तुम्ही पाणी आवाज न करता भरता, ते बघितलं मी. फार बरं वाटलं.” ह्यांनी कप खाली ठेवला. “काहून? काही पाहिजे काय?” “काही नको.” “मग?” “मग काही नाही. चहा घ्या.” त्यांनी चहा घेतला, पेपर उघडला आणि दहा मिनिटांनी पेपराआडूनच बोलले, “पूर्वी चौदा भरायचो.” एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी आपल्या कामाबद्दल पहिल्यांदा काही सांगितलं होतं. मला भरून आलं, पण म्हटलं नको, हा माणूस घाबरायचा.

त्यानंतर हळूहळू जमत गेलं. गच्चीवर कुरड्यांचा चीक घालायला गेले, तर दहा वाजेपर्यंतच पाठ भाजायला लागली. पण त्याच उन्हानं कुरडई संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळली. पुण्याच्या ढगाळ हवेत प्राचीच्या सासूबाईंना तीन दिवस लागतात, ते मला मुळातच माहीत होतं आणि ते सांगताना मी जरा जास्तच रंगले, हे कबूल करते. माठातलं पाणी घशाखाली उतरताना कळतं ते चाळीसच्या वर पारा गेल्यावरच. शाळेच्या भिंतीपलीकडचा बहावा ऊन जितकं कडक तितका जास्त पिवळा होतो. दुपारी गल्ली इतकी शांत होते, की तीन घरं सोडून कुणी टरबूज कापलं तरी ऐकू यावं. सगळं पूर्वीपासून होतंच. मी खिडकी लावून घेताना नुसतं “काय मेलं ऊन!” म्हणायची.

कुसुम मात्र अस्वस्थ झाली. एके दिवशी भांडी घासता घासता थांबून म्हणाली, “काकू, तुमी मले आजकाल काहीच म्हणत नाही. राग आला का वं माझा?” तिला म्हटलं, “नाही गं, कढया फार लख्ख घासतेस तू.” तर तिनं त्या दिवशी भांडी आणखी जोरात आपटली. लाजून आपटली, असं मी धरलं. प्राचीला हे सांगितलं तेव्हा ती इतकी हसली, की जावयानं फोन घेऊन विचारलं, “काय झालं?”

पोरीला ‘ये’ म्हणायचं मी या सगळ्यात विसरून गेले होते. खरंच विसरले होते. सातचा फोन पुन्हा अर्ध्या तासावर गेला होता आणि मला तेवढं पुरत होतं. दुपटी शिवून झाली होती. मनाची तयारी केली होती की ती पार्सलनं पाठवायची. होळी झाली, ह्यांनी कूलर धुतला, मी फरशी पुसली. संध्याकाळी वाळ्याचा वास कसा आला ते सांगत होते, तर ती म्हणाली, “बाबा अजून पाचलाच उठतात?”

“हो तर.”

“मग त्यांना म्हणावं, आणखी चार बादल्या लागतील. माझ्या खोलीतल्या कूलरला.”

मला पहिल्यांदा कळलंच नाही. कळलं तेव्हा मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि जुन्या सवयीनं पहिलं वाक्य आलं ते असं, की एवढ्या लांबचा प्रवास, या दिवसांत, गाडीत गर्दी... मी हातानं तोंड दाबून धरलं. मग हात काढला आणि म्हटलं, “प्राची, मला फार आनंद झाला.” एवढं साधं वाक्य. पण मी ते आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं, आणि म्हणताना माझा आवाज अनोळखी वाटला.

डॉक्टरांना विचारून, पाडव्याच्या आदल्या दिवशी जावई तिला सोडून गेले.

ते दोन महिने! घरात कूलरच्या वाऱ्याला लोळण्याइतकं सुख दुसरं नाही. दुपारी आम्ही दोघी ओल्या गार फरशीवर चटई टाकून पडायचो. पन्हं झालं, आमरस आणि काडीवर वळलेले कणकेचे सरगुंडे झाले, मी वळायची आणि ती खायची. आणि गंमत अशी, की आता तक्रारी तिच्या होत्या. पाठ दुखते, झोप येत नाही, पाय सुजले, बाबा टीव्ही मोठा लावतात, आणि आई, काय हे ऊन, माणसानं राहावं असं गाव आहे का! मी ऐकत राहायची. ऐकायला छान वाटायचं, कारण ती शेजारी होती.

एका दुपारी तिच्या केसांना तेल लावत होते. ती माझ्याकडे पाठ करून म्हणाली, “आई, त्या दिवशी मी सांगितलं तेव्हा तू मेच महिना सापडला का म्हणालीस. मी फोन ठेवून रडले होते. मला वाटलं, तुला आनंदच झाला नाही.”

माझे हात थांबले. “अगं, देवापुढे साखर ठेवली होती मी. त्याच संध्याकाळी साड्या काढल्या दुपट्यांसाठी.”

“मला कसं कळणार? फोनमधून साखर दिसते काय?”

मग मी तिला बाबांचा बगीचा सांगितला, टेकू सांगितले, आणि आईनं मला ओढत आत नेलं ते. नजर लागेल म्हणून बोलत नाही गं आम्ही. तिनं मान वळवली. डोळे भरले होते, पण हसत होती आणि तिचं पुणेरी ‘का’ कुठल्या कुठे गेलं होतं. “लागू दे ना थोडी नजर! पण बोलत जा वं. मी काहून अंदाज करत बसू?”

“चुकलं माझं,” मी म्हटलं. तेही पहिल्यांदाच.

नवतपा लागला आणि तिसऱ्याच दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला तिला कळा सुरू झाल्या. ह्यांनी डोक्याला दुपट्टा बांधला, ऑटो दारात आणला, तिच्यासाठी सीटवर ओली चादर पसरली. चार गल्ल्या सोडून दवाखाना. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, डांबर पायाला चिकटत होतं. एरवी मी त्या उन्हाला किती शिव्या दिल्या असत्या, पण मला ते दिसलंच नाही. मला फक्त माझ्या दंडावर रुतलेली तिची बोटं आठवतात.

तिला आत नेलं आणि दार लागलं. आम्ही दोघं बाहेर, लाकडी बाकावर. एक वाजला, दीड वाजला. आतून तिचा आवाज येत होता, कण्हण्याचा, मग ओरडण्याचा, मग “आई” म्हणून ओरडण्याचा. मी उठून दाराला जाऊन उभी राहिले. एक मोठी किंकाळी आली आणि त्यानंतर एकदम सगळं थांबलं.

आता रडेल, मी मनात म्हटलं. आता. आत पावलं धावली, काहीतरी सरकवलं, कुणीतरी हलक्या आवाजात भराभर काही सांगत होतं. पण ते एक ऐकू येत नव्हतं. हे माझ्यामागे येऊन उभे राहिले. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. किती वेळ गेला असेल? एक मिनिट, तेही नसेल. साठ वर्षांत मी अनेक गोष्टी मागितल्या, पण असं काही मागितलं नव्हतं. ओरड बाळा. काहीही कर, पण ओरड. उजेड फार आहे म्हण, गरम होतं म्हण, कुठं आणलंत मला म्हण.

आणि आतून आवाज आला. आधी चिरका, अडखळत, मग श्वास घेऊन घेऊन, चांगला संतापलेला. इतका संतापलेला, की “पोरगी आहे!” म्हणत आतल्या बायका हसल्याचंही ऐकू आलं. हे बाकावर बसले आणि दुपट्ट्यात तोंड खुपसून रडायला लागले. मी त्या बंद दाराला दोन्ही हात जोडले.

“कर गं माझी माय,” मी म्हटलं, “आणखी कर. काय तक्रार असेल ती सगळी कर. मी ऐकून राहिली.”